लाल गाडी आणि विनूची घागर

जळगावातल्या आमच्या पिंप्राळ्याच्या घराला पुढून काही म्हणता काही शोभा नव्हती. हातभर ओटा, ओट्याला लागून रस्ता, आणि रस्त्यावर दिवसभर रिक्षांची पोंपों. घराची सगळी गंमत मागे, परसात. लांबलचक परस, एका कडेला न्हाणी आणि धुण्याचा दगड, पार टोकाला शेवग्याचं झाड, आणि डाव्या हाताला विटांची भिंत, जिच्या पलीकडे प्रकाशचं घर. घरात आम्ही पाच माणसं. भाऊ, म्हणजे माझे वडील, केळीच्या व्यापाऱ्याकडे माल भरून द्यायच्या कामावर होते. आई. माझा मोठा भाऊ विनू, ज्याला मी दादा म्हणायची. मी मंगल. आणि अक्का, भाऊंची थोरली बहीण, जी नवरा वारल्यावर धुळ्याकडच्या खेड्यातून आमच्याकडे आली ती आपली अहिराणी आणि आपली जपमाळ घेऊनच. शहरात येऊन तिनं दोन्हींत काडीचाही बदल केला नाही. मला अजून ते घर आधी कानांनीच आठवतं. कूलरची घरघर, भाऊंच्या ट्रान्झिस्टरची खरखर, अक्काच्या मण्यांची टिकटिक, आणि या सगळ्यांवरून जाणारा दादाच्या गाडीचा घुंईंईं असा बारीक आवाज.

ती गाडी मामानं आणली होती. मामा मस्कतला नोकरीला होता. सुट्टीवर आला की त्याच्या बॅगेतून साबण, अत्तर, टॉर्च असं काहीबाही निघायचं, आणि एका वर्षी निघाली ही लाल गाडी. वितभर लांब, रबरी टायर, डोक्यावर तारेची लांब एरियल, आणि बरोबर दोन दांड्यांचा रिमोट. आमच्या गल्लीत तोपर्यंत किल्लीची गाडी म्हणजे चैन. हात न लावता चालणारी गाडी पाहायला बायकासुद्धा भाकरी टाकायच्या थांबून आल्या होत्या. दादा पहिले चार दिवस तिला उशाशी घेऊन झोपला. मग त्याच्या डोक्यात ट्रॅक शिरला. आमची जमीन काळी, उन्हाळ्यात तिला अशा भेगा पडतात की पोराची चप्पल आत जाईल. त्यावर गाडी चालणार कशी? दादानं भेगा बुजवल्या, पाणी मारून माती चोपली, आणि भाऊंच्या मागे लागून केळीच्या खांबांचे सोप आणवले. केळीचं खोड सोललं की निघतात ना लांब, पन्हाळीसारखे, ते. ते आडवे लावून त्यानं ट्रॅकच्या कडा केल्या. गाडी आदळली तरी मोडायची नाही, नुसता पचकन आवाज. फुटक्या माठाचा बोगदा झाला, धुण्याच्या दगडाला फळी टेकवून घाट झाला. आणि वरून अक्कानं शेणमातीचं सारवण केलं, तेही असं गुळगुळीत की आई म्हणाली, "अक्का, माझं स्वयंपाकघर कधी असं सारवलं नाहीत तुम्ही." अक्का म्हणाली, "तुना सैपाकघरमा गाडी पयस का?" म्हणजे तुझ्या स्वयंपाकघरात गाडी पळते का. 

प्रकाश दादाच्याच वर्गात, दादाच्याच वयाचा, भिंतीतल्या भगदाडातून दिवसातून दहा वेळा ये-जा करणारा. दादाकडे गाडी आली म्हटल्यावर त्यानं घरी जेवण सोडलं, आणि पोरगं ऐकत नाही म्हणून त्याच्या वडिलांनी मुंबईहून हुबेहूब तशीच गाडी मागवली, फक्त निळी. तिथंच घोळ झाला. एका दुपारी अक्कानं परसात खाटेवर न मावलेले बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, ट्रॅकच्या कडेला धोतरावर वाळत घातले होते. दादा घरात जेवत होता, गाडी एकटीच उभी. आणि एकाएकी ती सुटली की! कोणी नाही, काही नाही, आणि गाडी सरळ बिबड्यांवरून. अक्का किंचाळली, "भूत शे वं माय, भूत! मना बठ्ठा बिबडासनी वाट लाई दिन्ही!" दादा खरकट्या हातानं धावला, आणि भिंतीच्या भगदाडातून प्रकाशचं डोकं आलं. तो पलीकडे आपली निळी गाडी चालवत होता. दोन्ही गाड्यांची फ्रिक्वेन्सी एकच निघाली. एकाचा रिमोट दाबला की स्विच चालू असलेल्या दोन्ही गाड्या पळायच्या.

त्यामुळे दोन गाड्यांची शर्यत कधी एकदम लागलीच नाही. एकानं चालवायची, दुसऱ्यानं गाडीच्या पोटाखालचा स्विच बंद ठेवून बघत बसायचं. त्यासाठी नियम ठरला. चालवणाऱ्यानं आधी ओरडून विचारायचं, "स्विच बंद?" आणि समोरच्यानं पाहून ओरडायचं, "बंद!" ते उत्तर आल्याशिवाय रिमोटला बोट लावायचं नाही. आणि जिंकलं कोण हे कसं कळणार? घड्याळ एकच, ते भाऊंच्या मनगटावर. मग अक्काची जपमाळ कामाला आली. ती दारात बसून एकेक मणी ओढायची, आणि ज्याची फेरी कमी मण्यांत झाली तो जिंकला. देवाचं नावही झालं आणि शर्यतही. प्रकाश हरला की म्हणायचा, अक्का विनूच्या वेळी मणी सावकाश ओढते. अक्का म्हणायची, "देवले लबाडी चालस नही रे, भाड्या." पण ओढायचीच ती सावकाश, मी पाहिलंय. आता आमच्या गल्लीत पोरं चिनी गाड्या पळवतात, एका वेळी सहा-सहा, कोणाची कोणात मिसळत नाही. चांगलंच आहे. पण शर्यतीआधी कोणाला काही विचारावंच लागत नाही, हे मला अजून चमत्कारिक वाटतं.

त्या वर्षीची आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, होऊन गेली होती. दहावीची परीक्षा संपलेली, दादा आणि प्रकाश नवा ट्रॅक आखत होते. वैशाखातली दुपार, जळगावचं ऊन, बाहेर चिटपाखरू नाही. दादा जेवून आडवा झाला होता. भिंतीपलीकडून प्रकाशनं हाक मारली, "विन्या, ये ना, बोगद्याचं करून टाकू." आई म्हणाली, ऊन खाली होऊ दे. दादा म्हणाला, आलोच. ते दोघं चार वाजेपर्यंत उघड्या डोक्यानं माती चोपत बसले. प्रकाशला काही झालं नाही. दादाला संध्याकाळी फणफणून ताप आला. अक्कानं तळपायाला कांदा चोळला, आईनं कैरीचं पन्हं पाजलं, ते टिकेना. "पाणी, पाणी" करत होता. रिक्षातून दवाखान्यात नेला, आणि सकाळी भाऊ एकटेच पायी घरी आले. ऊन लागलं, एवढंच. आमच्याकडे दर उन्हाळ्यात कोणाचं तरी माणूस असं जातं, आणि लोक म्हणतात, ऊन लागलं.

आई रडली नाही. तिनं फक्त एक वाक्य धरलं, "त्यानं हाक मारली नसती तर." प्रकाशचं नाव तिनं पुन्हा घेतलं नाही. भाऊंनी तिच्या सांगण्यावरून भिंतीचं भगदाड विटांनी बुजवून टाकलं. गाडी मात्र आईनं, दादानं जिथं ठेवली होती तिथंच, शेवग्याखालच्या सुरुवातीच्या रेघेवर, तशीच उभी ठेवली. पावसात तिच्यावर घमेलं पालथं घातलं. पावसानं ट्रॅक वाहून गेला, तर दिवाळीच्या आधी आईनं एकटीनं माती आणून तो पुन्हा केला, वळणन् वळण, आणि स्वतःच्या हातानं सारवला. घरात पोटाला नीट शिजत नव्हतं. आम्ही खिचडीवर दिवस काढत होतो, आणि परसात कोणी न पळवायचा ट्रॅक आरशासारखा चकचकत होता. मला तिकडे बघवायचं नाही. आई जेवायला बसायची ती दोन घास चिवडून उठायची, केस विंचरायची नाही, आणि तिन्हीसांजेला मागच्या दारात बसून पदरानं गाडी पुसायची.

अशी पुसतानाच कधीतरी खालचा स्विच सरकला असणार. दिवाळीची सुट्टी होती. आईनं गाडी रेघेवर ठेवली, दारात येऊन बसली, आणि गाडी हलली. थोडी पुढे गेली, थांबली, मागे आली, पुन्हा पुढे. घुंईंईं. इतक्या महिन्यांनी तो आवाज ऐकून माझ्या अंगावर काटा आला. आईनं अजिबात न घाबरता, रोजच्या आवाजात विचारलं, "विनू?" गाडी थबकली. मग फार हळू, एक हात पुढे आली.

त्या दिवसापासून आईचं सगळं बदललं. दिवे लागणीला ती हातपाय धुऊन, वेणी घालून दारात बसायची, स्विच चालू करून गाडी ठेवायची, आणि गाडी हलायचीच. रोज थोडीशी. गाडी हलली की आई उठून नीट जेवायची, माझ्याशी बोलायची. एकदा तिनं शेवभाजी केली, ती खाताना भाऊंच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते म्हणाले, तिखट झालीय. गाडीचे सेल संपले की ती भाऊंच्या ट्रान्झिस्टरमधले काढायची, संपलेले गच्चीवर उन्हात ठेवायची. आमचा रेडिओ मुका झाला. मी लहान असले तरी बावळट नव्हते. एका संध्याकाळी आई दारात बसली तेव्हा मी गुपचूप जिन्यानं गच्चीवर गेले आणि पलीकडे वाकून पाहिलं. प्रकाश भिंतीला पाठ लावून मातीत बसला होता. निळी गाडी जवळपास कुठंही नव्हती. त्याच्या हातात नुसता रिमोट होता, तोंड गुडघ्यांत खुपसलेलं, आणि अंगठा दांडीवर.

दुसऱ्या दिवशी माझ्या शाळेच्या वाटेवर मी त्याला गाठलं. तो म्हणाला, "पहिल्या दिवशी मुद्दाम नाही गं केलं. खूप दिवसांनी गाडी काढली होती. 'स्विच बंद?' विचारायचं राहिलं. विचारणार तरी कोणाला? मग काकूंचा आवाज आला, 'विनू' म्हणून. रोज ठरवतो, आज नाही दाबायचं. पण त्या हाक मारतात ना, मग हात राहत नाही." मी हे अक्काला सांगितलं. अक्काला बहुतेक आधीच कळलेलं होतं. ती मणी ओढता ओढता एवढंच म्हणाली, "ती जेवस ना? मंग चूप बस." मी चूप बसले. पण भाऊंना हे सोसेना. बायको रोज संध्याकाळी खेळण्याशी बोलते, शेजारपाजारच्या बायका भिंतीवरून बघतात, आणि आता तर आईनं लग्नकार्याला, बाजारालासुद्धा जाणं बंद केलं, विनू येऊन परत जाईल म्हणून. उन्हाळा लागला तसे भाऊ म्हणाले, "आखाजी झाली की तुला धुळ्याला तुझ्या माहेरी नेऊन ठेवतो, आणि ही गाडी नदीत टाकतो." भाऊंचा शब्द म्हणजे शब्द.  आई त्या दिवशी जेवली नाही.

आखाजी आली. आमच्या खानदेशात हा लेकीबाळींचा सण, कडुनिंबाला झोके, ओट्याओट्यांवर पत्त्यांचे डाव, दुपारी आमरस आणि खापरावरचे मांडे. पण तो पितरांचाही सण. घरातलं जे माणूस गेलं त्याच्या नावानं पाण्याची घागर भरायची, वर आंबा, सांजोरी ठेवायची, आणि आमच्या घरची रीत अशी की गेलेल्याच्या वयाचं कोणीतरी पितर म्हणून पाटावर बसवायचं. घागरीतलं पहिलं पाणी त्याला द्यायचं, मग ताट. अक्कानं सकाळीच कोरी घागर मागच्या दारात मांडली. आई म्हणाली, "विनूची घागर भरायची नाही."

"का वं?"

"गेलेल्याची भरतात अक्का. तो रोज येतो. आलेल्याची कशी भरू?"

अक्का एरवी लगेच तोडून बोलायची. त्या दिवशी ती आईजवळ जमिनीवर बसली. "सुमन, पोऱ्या पानी पानी करत गया. तठे राहो का आठे राहो, त्याले पानी लागस का नही?" तिकडं असो की इकडं असो, त्याला पाणी लागतं की नाही. आईनं मांड्यांच्या पिठावर ओलं फडकं टाकलं. मग म्हणाली, "त्यालाच विचारते."

दुपारची वेळ. रस्त्यावरून पत्तेवाल्यांची आरडाओरड ऐकू येत होती. भाऊ त्या वर्षी डावाला गेले नाहीत, मधल्या खोलीत ओला पंचा तोंडावर टाकून पडले होते. आईनं गाडी शेवग्याखाली ठेवली, स्विच चालू केला, दारात घागरीशेजारी येऊन बसली, आणि मोठ्यानं म्हणाली, "विनू, तुझ्या नावानं पाणी भरू का रे? नको असेल तर तिथंच थांब. मी कोणाला भरू देणार नाही."  गाडी नाही हलली तर आई मरेपर्यंत या दारातून उठणार नाही, आणि भाऊ उद्याच तिला धुळ्याला पोचवणार. मी भिंतीकडे बघून मनातल्या मनात म्हणत होते, दाब रे प्रकाश, दाब. काहीच नाही. अक्काचे मणी टिकटिकत होते. उन्हानं ट्रॅक पांढरा दिसत होता. आणि मग घुंईंईं झालं. गाडी रेघेवरून निघाली, घाट चढून उतरली, माठाच्या बोगद्यातून गेली, शेवटच्या वळणावर दादा घ्यायचा तशी जरा थबकून वळली, ट्रॅक सोडून बाहेर आली, आणि घागरीला नाक लावून उभी राहिली. एरियल नुसती थरथरत होती. भिंतीपलीकडून न बघता कोणी अशी वळणं घेईल का, हे त्या वेळी माझ्या डोक्यात आलंच नाही. आईनं कळशी उचलली आणि घागर भरायला घेतली. 

तेवढ्यात पुढची कडी वाजली. मी दार उघडलं तर प्रकाश. वर्षभरात पहिल्यांदा आमच्या दारात. तोंड लालबुंद, शर्ट घामानं चिकटलेला, हातात रिमोट. तो माझ्याशी न बोलता सरळ मागच्या दारापर्यंत आला आणि एका दमात म्हणाला, "काकू, संध्याकाळची गाडी मी हलवायचो. दिवाळीपासून. विनू नाही, मी होतो."

अक्काची माळ थांबली. भाऊ पंचा हातात घेऊन उठून आले. आईनं आधी रिमोटकडे पाहिलं, मग त्याच्या तोंडाकडे. "आजची पण?"

प्रकाशची नजर घागरीपाशी उभ्या असलेल्या गाडीवर गेली. त्याचा चेहरा एकदम उतरला.  "हो काकू. आजची पण मीच."

मला वाटलं, आता ही घागर लाथाडते. भाऊंनाही तेच वाटलं असावं, ते एक पाऊल पुढे झाले. आईनं त्याचा घामानं चिकटलेला शर्ट पाहिला. मग तिनं विचारलं, "बाहेर किती वेळ उभा होतास?"

"बराच वेळ."

"उन्हात?"

"हो."

"डोक्याला काही नाही?"

 आईनं घागर कलती केली, लोटा भरला, त्याच्या हातात दिला, आणि म्हणाली, "पी. आधी पाणी पी. सावकाश पी रे." आणि तो पीत असताना ती रडायला लागली. विनू गेल्यापासून पहिल्यांदा, अशी मोकळी, ओरडून, की ओट्यावरचे पत्तेवालेसुद्धा गप्प झाले. अक्कानं पाट मांडला, "बठ बेटा" म्हणाली, आणि प्रकाश आमच्या दादाच्या नावानं मांडे आणि आमरस जेवला. आई त्याला वाढत होती, डोळे पुसत होती, पुन्हा वाढत होती. धुळ्याचा विषय भाऊंनी पुन्हा काढला नाही. संध्याकाळी आईनं गाडीतले सेल काढून ट्रान्झिस्टरमध्ये घातले.

त्यानंतर दर आखाजीला प्रकाशच आमचा पितर. तो धुळ्याला शिकायला गेला, तिथंच नोकरीला लागला, त्याचं लग्न झालं, पोरं झाली, पण आखाजीला पहिल्या एसटीनं जळगाव. अक्का गेली, भाऊ गेले, काही वर्षांपूर्वी आईही गेली. आईच्या नावानं पहिली घागर भरली त्या दिवशी, दोघंच होतो तेव्हा, त्यानं मला सांगितलं. "मंगल, त्या दिवशी गाडी मी नव्हती हलवली. काकूंना खरं सांगायचं ठरवून सकाळीच रिमोटमधले सेल काढून नाल्यात फेकले होते. रिकामा रिमोट घेऊन तुमच्या ओट्याखाली उभा होतो, कडी वाजवायचा धीर होत नव्हता. आत गाडीचा आवाज ऐकला तेव्हा रिमोट उघडून पाहिला, रिकामाच. काकूंनी 'आजची पण?' विचारलं. नाही म्हटलं असतं तर ती बाई जन्मभर त्या दारात बसली असती. म्हणून हो म्हटलं." दादाचा स्वतःचा रिमोट भाऊंच्या कपाटात होता, कपाटाला कुलूप, किल्ली भाऊंच्या करगोट्याला, आणि भाऊ मधल्या खोलीत तोंडावर पंचा टाकून पडले होते. निदान मी पाहिलं तेव्हा तरी पडलेलेच होते. गल्लीत तिसरी गाडी नव्हती. भाऊंना विचारावं तर ते नाहीत, आणि असते तरी मी विचारलं असतं असं वाटत नाही.

आता माझी साठी जवळ आली. परस निम्मं झालं, शेवगा पडला, भिंत मात्र तीच आहे, आणि बुजवलेल्या भगदाडाच्या विटा अजून वेगळ्या ओळखू येतात. लाल गाडी मागच्या दाराच्या फळीवर असते, पोटात सेल नाहीत. वैशाखात दुपारी जरा डोळा लागला की मला तो आवाज येतो, घुंईंईं, आणि मी उठून आधी फळीकडे बघते. या आखाजीलाही प्रकाश आला. डोकं पार पांढरं झालंय, जिना चढताना गुडघा धरतो. रीत वयाची आहे, म्हणून त्याला पाटावर बसलेला पाहिलं की मला कळतं, दादा आत्ता असा दिसला असता. मी घागरीतलं पाणी लोट्यात ओतलं आणि पुढे केलं. लोटा हातात घेऊन प्रकाश दरवर्षीसारखा भिंतीकडे वळला आणि आपल्या म्हाताऱ्या आवाजात ओरडला, "स्विच बंद?"

आम्ही दोघं थांबलो. पलीकडून "बंद" असं कोणी म्हटलं नाही, म्हणजे अजून चालूच आहे. मग तो पाणी प्यायला.